बडोद्याच्या स्वयंपाकघरात आशियाई पदार्थ: पाच घरांनी मिळून शिकण्याची पद्धत

आपण स्वतः आशियातच राहतो, त्यामुळे ‘आशियाई पदार्थ’ हा शब्द तसा फार ढिला आहे. या लेखात मी चीन, जपान, कोरिया, थायलंड, व्हिएतनाम आणि तिबेट-नेपाळ एवढ्याच प्रदेशांच्या स्वयंपाकाचा विचार केला आहे. गाडीवर मिळणारे मंचुरियन आणि हक्का नूडल्स मी यात धरलेले नाहीत. ती कोलकात्यात स्थायिक झालेल्या हक्का चिनी समाजापासून सुरू झालेली आणि भारतीय जिभेप्रमाणे घडत गेलेली एक स्वतंत्र परंपरा आहे. ती मला आवडते, पण ती येत असली म्हणजे थाई किंवा कोरियन स्वयंपाक येतो असे होत नाही.

बडोद्यातील आमची पाच मराठी घरे (तीन दांडिया बाजारातली, एक रावपुऱ्यातले आणि एक मांजलपूरचे) महिन्यातून दोन रविवारी एकत्र येऊन हे पदार्थ शिकतात. त्या अनुभवातून माझे एक ठाम मत झाले आहे. पाककृती जमवून हा स्वयंपाक येत नाही. तो येतो दोन गोष्टींमुळे: आच कशी वापरायची हे हाताला कळल्यामुळे आणि खारट, आंबट, गोड, तिखट यांचा तोल जिभेला कळल्यामुळे. या दोन्ही गोष्टी एकट्याने शिकण्यापेक्षा चौघांत लवकर येतात, कारण चौघांच्या जिभा चार वेगवेगळ्या उणिवा दाखवतात.

गट कसा बसवावा

एका ओट्याशी पाच ते सहा माणसे पुरेत. त्याहून अधिक असल्यास निम्म्यांच्या हाताला काम राहत नाही आणि ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसतात. पहिल्या भेटीच्या आधीच प्रत्येकाने काय खायचे नाही हे कागदावर लिहून घ्यावे. कोणाकडे अंडे चालत नाही, कोणाला चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असतो, कोणाला शेंगदाणा, तीळ, गहू किंवा सोयाबीन सोसत नाही. यातील शेवटची बाब गंभीर आहे, कारण सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर बहुधा गहूही असतो आणि ते अनेकांच्या लक्षात येत नाही.

आमचा मुख्य नियम असा आहे की एक पदार्थ सलग तीन वेळा करायचा. पहिल्यांदा मापे तंतोतंत पाळायची. दुसऱ्यांदा आचेपाशी दुसरी व्यक्ती उभी राहते आणि पहिल्या वेळी जी आचेपाशी होती ती चिरायला बसते. तिसऱ्यांदा कागद न पाहता करायचे. दर वेळी नवा पदार्थ करण्याचा मोह फार होतो, पण तसे केल्यास वर्षाअखेरीस चोवीस पदार्थ एकदा केलेले असतात आणि त्यांतला एकही येत नसतो.

पुढील सर्व मापांत मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि लहान चमचा ५ मिलिलिटरचा धरला आहे; नुसता ‘चमचा’ म्हटले असेल तिथे लहान चमचा समजावा.

सामान: काय विकत घ्यावे आणि काय घरीच आहे

विकत आणायच्या वस्तू थोड्याच आहेत. पातळ, फिक्या रंगाचा सोया सॉस, तांदळाचा व्हिनेगर, भाजलेल्या तिळाचे गडद तेल, सुकवलेले शिताके अळंबे आणि तांदळाचे पातळ कागद एवढ्यावर पहिले सहा महिने निघतात. सोया सॉस घेताना बाटलीवरचा मजकूर वाचावा. आपल्याकडे सहज मिळणारा सॉस बराचसा गडद असतो. तो रंगासाठी ठीक आहे, पण चवीसाठी नैसर्गिकरीत्या आंबवलेला फिका सॉस हवा. तिळाच्या तेलाच्या बाबतीतही गफलत होते. आपले घाणीचे तेल कच्च्या तिळाचे असते, तर इथे हवे ते भाजलेल्या तिळाचे, आणि ते फोडणीला न घालता आच बंद केल्यावर काही थेंब वरून घालायचे असते.

गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे चिनी पाककृतींतील तांदळाची मद्ये आणि मिरिन हे गोडसर जपानी मद्य आपल्या यादीतून वगळावे. मिरिनच्या एका मोठ्या चमच्याऐवजी तेवढेच पाणी, लहान चमचाभर साखर आणि तांदळाच्या व्हिनेगरचे चार थेंब घालावेत. तंतोतंत तीच चव येत नाही, पण गोडवा आणि चकाकी येते. माशांच्या सॉसऐवजी फिका सोया सॉस, शिताके भिजवलेले पाणी आणि मीठ यांचे मिश्रण वापरावे. शिताके रात्रभर थंड पाण्यात भिजवले की त्या पाण्याला जी भरीव चव येते, तीच या स्वयंपाकाचा पाया आहे. टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट हे चव देणारे द्रव्य वेगळे काढले आणि या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. शाकाहारी घरांनी या चवीकडे अधिक लक्ष द्यावे, कारण मासे आणि मांस नसताना पदार्थ पोकळ लागण्याचे कारण बहुधा हेच असते.

उरलेले बरेचसे सामान आपल्या ओळखीचेच आहे आणि मला याचे फार अप्रूप वाटते. थाई स्वयंपाकातील लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा. फक्त चहात आपण पाती टाकतो आणि तिथे देठाचा खालचा पांढरट, जाड भाग वापरतात. खंडेराव मार्केटमध्ये कोथिंबिरीची जुडी मुळांसकट मिळते आणि थाई वाटणाला नेमकी तीच मुळे लागतात. इतर दिवशी आपण ती कापून टाकतो. थाई स्वयंपाकातील आल्यासारख्या ताज्या गलांगलचा जातभाई असलेले वाळलेले कुलिंजन जडीबुटी विकणाऱ्याच्या (इथे त्याला गांधी म्हणतात) दुकानात मिळते. त्याचे दोन तुकडे कोमट पाण्यात भिजवून रश्श्यात सोडावेत. चीनच्या सिचुआन प्रांतातील मिरी आणि नेपाळचा टिमूर हे कोकणातल्या तिरफळाचे सगेसोयरे आहेत. तिन्हींचे बी टाकून टरफलच वापरतात. रत्नागिरीहून कोणी येणार असेल तर मूठभर तिरफळे मागवून ठेवावीत.

थाई तुळशीचा प्रश्न आम्ही कुंडीत सोडवला. फालुद्यात घालतो तो सब्जा, ज्याला इथे तकमरिया म्हणतात, त्याचे बी मातीत पेरले की उगवते आणि त्याची पाने थाई तुळशीच्या बरीच जवळ जातात. देव्हाऱ्यासमोरची तुळस कढईत घालणे अनेक घरांत रुचत नाही, म्हणूनही ही सोय चांगली आहे.

भात

चिनी परतलेल्या भाताला मोकळा भात लागतो आणि त्यासाठी बासमती किंवा कृष्णकमोद चालतो. जपानी पद्धतीच्या चिकट भातासाठी इंद्रायणी तांदूळ उत्तम. पुण्याहून येणाऱ्या नातेवाइकांना तोच आणायला सांगावा. उत्तर थायलंडमधील वाफवलेला चिकट भात मात्र वेगळ्याच तांदळाचा असतो आणि इंद्रायणीने ते काम होत नाही.

परतण्यासाठी शिळा भात घ्यावा असे सर्वत्र सांगतात, परंतु तो रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला नसावा. शिजवलेला भात उष्ण हवेत राहिला की त्यात विषारी द्रव्य तयार करणारे जिवाणू वाढतात आणि ते द्रव्य पुन्हा तापवल्याने नष्ट होत नाही. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो, तेव्हा ही काळजी अधिकच घ्यावी. भात परातीत पसरून पंख्याखाली निववावा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.

आच: पहिला खरा धडा

आमच्या पहिल्या रविवारी आठ माणसांची भाजी एकाच कढईत घातली गेली. दहा मिनिटांत तिला पाणी सुटले, भाजी परतली जाण्याऐवजी शिजली आणि सॉस घातल्यावर तपकिरी रस्सा झाला. कारण साधे होते. उपाहारगृहातील चिनी चुलीची आच घरच्या शेगडीच्या अनेक पट असते. घरची आच वाढवता येत नाही. म्हणून भाजी कमी घ्यावी लागते. एका वेळी दोन माणसांपुरती, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम भाजी घ्यावी आणि आठ माणसे असतील तर चार वेळा करावी. प्रत्येक खेप पाच मिनिटांची असते, त्यामुळे वेळ फारसा वाढत नाही.

भांडे म्हणून आपली जड लोखंडी कढई पुरेशी आहे. निर्लेप भांडे रिकामे असताना मोठ्या आचेवर तापवू नये, त्याच्या लेपाला ते सोसत नाही. भाज्या धुऊन फडक्यावर कोरड्या कराव्यात आणि एकसारख्या आकारात चिराव्यात. चिरणाऱ्या दोघांनी आकार आधी ठरवून घ्यावा, नाहीतर एकाचे गाजर कच्चे राहते आणि दुसऱ्याचे मऊ होते. सॉस आधीच वाटीत कालवून ठेवावा: एक मोठा चमचा फिका सोया सॉस, एक लहान चमचा तांदळाचा व्हिनेगर, अर्धा लहान चमचा साखर, एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर आणि तीन मोठे चमचे शिताकेचे पाणी.

खिडकी उघडावी आणि पंखा बंद करावा, कारण पंख्याने ज्योत विखुरते. कढई रिकामीच तापवून तिच्यातून किंचित धूर दिसू लागला की दीड मोठा चमचा शेंगतेल घालून ते कढईभर फिरवावे. आले-लसूण दहा सेकंद, मग गाजर आणि फरसबी दोन मिनिटे, त्यानंतर कोबी आणि ढोबळी मिरची एक मिनिट. वाटीतला सॉस तळाचे कॉर्नफ्लोअर ढवळून कढईच्या कडेने ओतावा, अर्धा मिनिट हलवावे आणि उतरवावे. टोफू (सोयाबीनचे पनीर) घालायचा असल्यास तो वीस मिनिटे वजनाखाली दाबून, चौकोनी तुकडे आधी तांबूस परतून बाजूला ठेवावेत आणि शेवटी मिसळावेत.

यात चिरणे आणि परतणे ही दोन कामे पूर्ण वेगळी आहेत. परतायला लागल्यावर काहीही शोधायला किंवा चिरायला वेळ नसतो. म्हणूनच हा स्वयंपाक गटाला सोपा जातो: दोघे चिरतात, एक वाट्या क्रमाने हाताशी देते आणि एकच व्यक्ती आचेपाशी उभी असते.

तोल: थाई हिरवी करी

थाई रश्श्याची चव आपल्याला परकी वाटत नाही, कारण चिंच-गुळाची आमटी करणाऱ्या हाताला आंबट-गोडाचा तोल आधीच ठाऊक असतो. नवी असते ती त्यात मिसळणारी खाऱ्या-आंबवलेल्या रसाची चव आणि नारळाचे दूध.

चार माणसांच्या वाटणासाठी बारा मध्यम तिखट हिरव्या मिरच्या, गवती चहाच्या चार बारीक देठांचा खालचा भाग, दोन सेंटिमीटर आले, कोथिंबिरीची सहा मुळे, लसणाच्या आठ पाकळ्या, सांबाराचे पाच छोटे कांदे, एका लिंबाची फक्त हिरवी साल, एक लहान चमचा भाजलेले धणे, अर्धा चमचा जिरे, अर्धा चमचा पांढरी मिरी आणि एक चमचा मीठ घ्यावे. लिंबाच्या सालीचा पांढरा भाग येऊ देऊ नये, तो कडवट असतो. खलबत्त्यात आधी कोरडे मसाले कुटावेत, मग मिठाबरोबर गवती चहा, आले आणि मुळे, त्यानंतर मिरच्या, आणि कांदा-लसूण सर्वांत शेवटी. चिवट ते मऊ हा क्रम बदलला की मऊ पदार्थांच्या पाण्यात तंतू घसरत राहतात आणि कुटले जात नाहीत. यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात; आळीपाळीने कुटले तर कोणाचाच हात भरून येत नाही. मिक्सरमध्येही वाटण होते, पण कुटलेल्या वाटणाचा वास आम्हा सर्वांना अधिक खुला वाटला.

नारळाचे दूध सोलकढीसाठी काढतो तसेच काढावे. एका नारळाच्या खोबऱ्यात एक वाटी कोमट पाणी घालून पहिले दाट दूध वेगळे ठेवावे आणि दोन वाट्या पाण्यात दुसरे पातळ दूध काढावे. कढईत निम्मे दाट दूध मध्यम आचेवर आटवत राहावे; चार-सहा मिनिटांत त्याला तेल सुटू लागते. त्या तेलात तीन मोठे चमचे वाटण परतावे. डबाबंद दुधाला पुष्कळदा असे तेल सुटत नाही, कारण ते फुटू नये म्हणून त्यात काही घटक घातलेले असतात; अशा वेळी चमचाभर तेल घालून वाटण परतावे. मग पातळ दूध आणि छोटी हिरवी वांगी, फरसबी, कोवळा मका घालून शिजवावे. उरलेले दाट दूध शेवटी घालावे आणि त्यानंतर खळखळ उकळू देऊ नये.

आता चव घ्यायची. आमच्याकडे याची ठरलेली रीत आहे: प्रत्येकाने वेगळ्या चमच्याने चव घ्यायची, काय कमी आहे ते सांगायचे, आणि सर्वांचे ऐकल्याशिवाय कढईत काही घालायचे नाही. आधी खारटपणा सोया सॉसने किंवा मिठाने जुळवावा, मग लहान चमचाभर गूळ, आणि लिंबाचा रस आच बंद केल्यावर. आंबट आधी घातले तर त्याचा ताजेपणा जातो आणि मिठाचा अंदाजही चुकतो. शेवटी सब्ज्याची पाने घालावीत. खारट झाले तर नारळाचे दूध वाढवावे; गुळाने खारटपणा झाकण्याचा प्रयत्न केला तर रस्सा जड होतो.

मोमो आणि च्याओझ: सर्वांनी मिळून करण्याचा पदार्थ

उत्तर चीनमध्ये चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री सारे घर च्याओझ, म्हणजे मोमोसारखे सारण भरलेले नग, वळायला बसते. आपल्याकडे गणेशचतुर्थीला मोदकांभोवती जसे होते, तसेच ते आहे. आमच्या गटातल्या सत्तरीच्या काकूंनी मोमो आधी कधी पाहिलेही नव्हते. पहिली पारी हातात घेतल्यावर त्यांनी सरळ मोदकाच्या कळ्या पाडायला सुरुवात केली आणि त्या दिवसापासून आम्हाला मोमो त्यांनीच शिकवले.

तीनशे ग्रॅम मैद्यात अर्धा चमचा मीठ आणि सुमारे १५५ मिलिलिटर साधे पाणी घालून घट्ट पीठ मळावे आणि ओल्या फडक्याखाली पाऊण तास ठेवावे. हा विसावा टाळू नये, कारण त्याशिवाय लाटलेली पारी आखडते. दहा-दहा ग्रॅमच्या गोळ्यांच्या सुमारे पंचेचाळीस पाऱ्या होतात. पारी तळहातापेक्षा लहान, कडेला पातळ आणि मध्ये किंचित जाड लाटावी, म्हणजे कळ्या एकत्र आल्या तरी टोक कच्चे राहत नाही आणि तळ फाटत नाही.

सारणासाठी पाव किलो बारीक चिरलेल्या कोबीला पाऊण लहान चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटांनी घट्ट पिळावे. न पिळलेल्या कोबीचे पाणी वाफवताना सुटते आणि पारी फुटते. त्यात दीडशे ग्रॅम कुस्करलेले पनीर, पातीचा कांदा, आले, मिरी, चमचाभर सोया सॉस आणि दोन मोठे चमचे लोणी मिसळावे. शाकाहारी सारणात मांसाची चरबी नसते, म्हणून लोणी सोडू नये, नाहीतर सारण भुसभुशीत लागते. मोदकपात्राच्या जाळीला तेल लावून किंवा कोबीचे पान अंथरून आठ ते दहा मिनिटे वाफवावे. चटणीला भाजलेले टोमॅटो, लाल मिरची, लसूण, भाजलेले तीळ आणि दोन तिरफळांची टरफले एकत्र वाटावीत.

हेच वळलेले नग तळ सपाट ठेवून तव्यावर तेलात दोन मिनिटे तांबूस करावेत, अर्धी वाटी पाणी घालून लगेच झाकण ठेवावे आणि पाणी आटेपर्यंत सहा-सात मिनिटे शिजवावेत. खालून कुरकुरीत आणि वरून मऊ होतात. जास्त झालेले नग न वाफवता ताटात एकमेकांना न चिकटवता गोठवावेत आणि मग पिशवीत भरावेत.

व्हिएतनामी तांदळाच्या कागदाच्या वळ्यांना शिजवण्याचे काम जवळजवळ नाही, म्हणून मुले असतील त्या दिवशी त्या कराव्यात. कागद पाण्यात पाच-सात सेकंदच बुडवावा. तो कडक वाटला तरी बाहेर काढावा, कारण सारण ठेवेपर्यंत आपोआप मऊ होतो. बुडवून खायला शेंगदाण्याचे कूट, सोया सॉस, गूळ, लिंबू आणि कोमट पाणी कालवावे.

किमची

कोरियात हिवाळ्यापूर्वी शेजारी एकत्र येऊन किमची, म्हणजे कोबीचे आंबवलेले तिखट लोणचे, घालतात आणि वाटून घेतात. या किमजांगच्या प्रथेचा युनेस्कोने २०१३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. उन्हाळ्यात गच्चीवर शेजारणींसह कुरडया-पापड घातलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपण मात्र किमची डिसेंबर-जानेवारीत घालावी, कारण उन्हाळ्यात ती फार झपाट्याने आंबते.

एक किलो चिनी कोबीचे मोठे तुकडे ५० ग्रॅम मिठात दोन तास ठेवावेत आणि अधूनमधून वरखाली करावेत. देठ न मोडता वाकू लागला की दोनदा धुऊन अर्धा तास निथळावेत. एक वाटी पाण्यात दीड मोठा चमचा तांदळाचे पीठ शिजवून थंड करावे. त्यात चार मोठे चमचे भरड काश्मिरी मिरची, लसणाच्या दहा पाकळ्या, आले, चमचाभर साखर आणि मोठा चमचाभर सोया सॉस मिसळून ते कोबी, मुळ्याच्या काड्या आणि पातीच्या कांद्याला चोळावे. हातमोजे घालावेत. काचेच्या बरणीत हवा न राहील असे दाबून भरावे आणि वर तीन बोटे जागा सोडावी. हिवाळ्यात दोन दिवस ओट्यावर ठेवून रोज एकदा झाकण उघडून वायू जाऊ द्यावा, मग फ्रिजमध्ये ठेवावे. आम्ही बरणीवर तारीख लिहून प्रत्येक घरी एक नेतो आणि पंधरा दिवसांनी ज्या घरची सर्वांत आंबट निघते, त्या घरी पुढच्या रविवारी आदल्या दिवशीचा निववलेला भात घेऊन जमतो. किमची घालून परतलेल्या भाताला तीच लागते.